लिलाव, पंचवीस आणि अडीच

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात कापूस आणि सोयाबीनची शेती करतो. माझी मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून पुढील शिक्षणासाठी नेदरलँड्सला जावे असे तिला वाटते; सोयाबीनमुळे ब्राझीलचाही विचार तिच्या मनात आहे. डच आणि पोर्तुगीज या दोन्ही युरोपातल्याच भाषा, तेव्हा एक आली की दुसरी आपोआप येते, असे तिला कोणीतरी सांगितले. हे खरे आहे काय? आणि मराठी माणसाला या दोहोंपैकी जवळची भाषा कोणती?
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : आपल्या मुलीला मिळालेली माहिती बरोबर नाही. एका मुलखात नांदणाऱ्या भाषा एकाच घरातल्या असतात असे नाही. आपल्या मेळघाटात कोरकू आणि मराठी एकाच आठवडी बाजारात कानावर पडतात, तरी त्यांची कुळे पूर्णपणे वेगळी आहेत. डच आणि पोर्तुगीज यांचे मूळ कुळ मात्र एकच आहे, आणि मराठीही त्याच भारत-युरोपीय कुळातली आहे. पण त्या कुळाच्या शाखा हजारो वर्षांपूर्वी फुटल्या. पोर्तुगीज ही लॅटिनपासून निघालेली भाषा आहे, तर डच ही जर्मन आणि इंग्रजी यांची बहीण आहे. त्यामुळे इंग्रजी येणाऱ्या मुलीला डच लवकर साधेल आणि स्पॅनिश येणाऱ्याला पोर्तुगीज, परंतु डच आल्याने पोर्तुगीज येणार नाही. शाखा कशा दूर गेल्या, हे एका शब्दातही दिसते: आपला ‘पाय’ पोर्तुगीजमध्ये ‘पे’ आहे, पण डचमध्ये मूळ ‘प’चा ‘फ’ होऊन तो ‘फूत’ झाला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण शब्दसंग्रह पाहिला तर पोर्तुगीज जवळची वाटते आणि काही बाबतींत रचना पाहिली तर डच.

आपण सोयाबीन घेऊन बाजार समितीच्या यार्डात जाता, तेव्हा तेथील फलकावर ‘लिलाव’ हा शब्द असतो. (बोलताना आपल्याकडे ‘हर्रास’ही म्हणतात.) हा ‘लिलाव’ म्हणजे पोर्तुगीज ‘लेइलांव’. या शब्दाच्या शेवटी नाकातून उच्चारला जाणारा जो ‘आंव’ आहे, त्यातील अनुनासिक मराठीत गळून ‘आव’ तेवढा उरला. ‘पांव’चा ‘पाव’ झाला तो याच रीतीने. मजुराच्या हातातले घमेले, नोकरदाराचा पगार आणि आपल्याकडच्या आलूला घाटावर म्हणतात तो बटाटा, ही नावेही पोर्तुगीजांकडूनच आली. त्यांनी गोवा 1510 पासून 1961 पर्यंत आणि वसई 1739 पर्यंत ताब्यात ठेवली, तेथे वस्ती केली, लग्ने केली, चर्च उभारली. त्यामुळे त्यांचे शब्द किनाऱ्यावरच्या घरांत शिरले आणि मराठीबरोबर देशावर व वऱ्हाडापर्यंत पोहोचले.

डचांची ईस्ट इंडिया कंपनी 1602 साली स्थापन झाली आणि वेंगुर्ल्यात त्यांची वखारही होती. पण वखारीत माल उतरतो, भाषा सहसा उतरत नाही. शिवाय आशियातील बंदरांत पोर्तुगीज इतकी रुळलेली होती की डचांच्या स्वतःच्या बटाव्हियातही, म्हणजे आजच्या जकार्तात, तिचे मिश्र रूप सर्रास बोलले जाई. जेथे डचांनी दीर्घकाळ राज्य केले तेथे मात्र त्यांचे शब्द उरले: श्रीलंकेत सिंहली भाषेत बटाट्याला ‘अर्तापल’ म्हणतात, तो डच ‘आर्दअपल’, म्हणजे जमिनीतले सफरचंद.

आता रचनेकडे येतो, कारण मला स्वतःला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी आणि वीस नंतर उच्चारतो; डच माणूसही ‘पाच आणि वीस’ असेच म्हणतो, तर पोर्तुगीज माणूस ‘वीस आणि पाच’ म्हणतो. दीडसाठी पोर्तुगीजमध्ये ‘एक आणि अर्धा’ म्हणावे लागते. डचमध्ये ‘आंडरहाल्फ’ हा एकच शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘दुसरा अर्धा’, म्हणजे पहिला पूर्ण आणि दुसरा निम्मा. आपला ‘अडीच’ हा संस्कृत ‘अर्धतृतीय’ या शब्दापासून आला, म्हणजे तिसरा अर्धा. डच माणूस अडीच वाजले हे सांगताना ‘हाल्फ द्री’, अर्धे तीन, असेच म्हणतो. रुग्णालय हा शब्द आपण जसा जोडला, तसाच त्यांनी आजारी आणि घर हे शब्द जोडून ‘झीकनहाउस’ केला. त्यांच्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, म्हणून ‘कारण मी उद्या बाजारात जातो’ यातील ‘जातो’ डचमध्येही अखेरीस येतो, तर पोर्तुगीजमध्ये तो ‘मी’च्या मागोमाग येतो.

पोर्तुगीजच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, जसे आपल्याकडे चांगला मुलगा आणि चांगली मुलगी. डचमध्ये विशेषणाचा असा स्त्री-पुरुष भेद उरलेला नाही. पोर्तुगीजमध्ये क्रियापदाची रूपे पुष्कळ आहेत, पण ‘जातो, जातेस, जातात’ यांत वाढलेल्या मुलीला त्यांचा धाक वाटू नये.

नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील प्रसिद्ध कृषी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीतून मिळते, म्हणून प्रवेशासाठी डच अडणार नाही. ब्राझीलमध्ये सोयाबीनच्या शेतकऱ्याशी बोलायचे तर पोर्तुगीज आलीच पाहिजे, आणि तो देश आज जगात सर्वाधिक सोयाबीन पिकवतो. मुलीचा ओढा शेतात उतरून काम करण्याकडे असेल, तर मी पोर्तुगीज आधी शिकण्याचा सल्ला देईन. आभार मानण्यापासून सुरुवात करावी: आपण ‘ओब्रिगादु’ म्हणावे आणि तिने ‘ओब्रिगादा’, कारण आपल्या ‘आलो’ आणि ‘आले’प्रमाणे तेथेही बोलणारा पुरुष की स्त्री, यावर शब्दाचा शेवट ठरतो.