पाच महिन्यांची मादी ससा ट्रे सोडून घरभर घाण करतेय: आधी ट्रे, मग स्पेइंग

ताई, तुमचं सगळं वाचलं. चिंगी आधी ट्रेमध्ये नीट जायची, आता पाच महिन्यांची झाली आन घरभर लेंड्या, गादीवर मूत, सासूबाई म्हणायल्यात शेतात नेऊन सोडा आणि नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की सशाला ऑपरेशनची (स्पेइंग, म्हणजे मादीचं गर्भाशय-अंडाशय काढायचं) काही गरज नसते. पहिलं हे की शेतात अजिबात सोडू नका, पाळलेला ससा रानात जगत नाही, कुत्रं नाहीतर मुंगूस एका रात्रीत संपवतंय. सासूबाईंना एवढं नक्की सांगा, त्यांना वाटत असेल मोकळं केलं की सुखी होईल, तसं होत नाही.

चिंगी वयात आलीय. चौथ्या ते सहाव्या महिन्यात हार्मोन सुरू होतात आणि हे घर माझं, ही गादी माझी असं ती वासानं सांगायली. नीट बघा, खुर्चीच्या पायाला, तुमच्या चपलेला हनुवटी घासत असेल, ते पण त्यातलंच. गादीवर जास्त का, तर तिथं तुमचा वास सगळ्यात जास्त. म्हणून ओरडून, नाक घासून, फटका मारून काहीच होत नाही, उलट ती तुम्हाला भ्यायला लागेल आणि लपून कोपऱ्यात करेल.

पण आधी आजार नाही ना ते बघा. सारखी बसून जोर लावत असेल, शेपटीखाली ओलं राहत असेल, मूत कालवलेल्या चुन्यासारखं घट्ट पांढरं येत असेल तर ते लघवीचं दुखणं, डॉक्टरकडं न्या. नुसतं नारिंगी-लालसर मूत बघून घाबरू नका, सशाच्या मुतातल्या रंगद्रव्यामुळं तसं येतं, खाण्यावर पण असतं.

आता ट्रे. बहुतेक जण मांजराचा छोटा ट्रे आणतात आणि तिथंच चुकतं. मोठं प्लास्टिकचं घमेलं किंवा टब घ्या, ती आत पूर्ण वळली पाहिजे. खाली रद्दी पेपर फाडून जाड थर, वर वाळलेलं गवत, आणि चाऱ्याची जुडी टबाच्या एका टोकाला अशी बांधा की तिला आत बसूनच खावं लागेल. ससा खाताखाता लेंड्या टाकतो, ही एक गोष्ट जमली तर अर्धं काम झालं. मांजराची गोळा होणारी माती वापरू नका, पोटात गेली तर अडकते. देवदार, चीडचा भुसा पण नको. सहा महिन्यांपर्यंत लसूणघास चालतो, पुढं कमी करत वाळलेल्या गवतावर आणा कारण लसूणघासात कॅल्शियम लै असतं. वाळलेली हराळी आपल्याकडं फुकट मिळते, फक्त फवारणी केलेल्या बांधावरची आणू नका. कोवळी हिरवी ज्वारी तर अजिबात नको, ती गुरांना लागते तशी ह्यांना पण लागणार.

गादीवरचं मूत साबणानं धुवून वास जात नाही, व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसा, मूत वाळून बसलेला पांढरा थर पण त्यानंच सुटतो. फिनाईल नको. मुतानं भिजलेला कागद आणि दोन-चार लेंड्या ट्रेमध्ये टाकून ठेवा म्हणजे जागा कळते. आणि काही दिवस जागा कमी करा, एक खोली किंवा जाळी लावून कोपरा, गादीची खोली बंद. शेपटी थोडी वर करून कोपऱ्यात मागं सरकायली दिसली की हळूच उचलून ट्रेमध्ये ठेवा, त्यात बसली की कोथिंबिरीची एक काडी द्या. मूत ट्रेमध्ये आलं की समजा जिंकलात, दोन-चार सुक्या लेंड्या इकडंतिकडं पडणारच, त्या झाडूनं जातात, त्यावरून घरात भांडण नको.

स्पेइंग मात्र करून घ्याच. नुसत्या लेंड्यांसाठी नाही. न केलेल्या माद्यांना चार वर्षांपुढं गर्भाशयाचा कॅन्सर लै मोठ्या प्रमाणात होतो, काही जातींत निम्म्याहून जास्त, आणि तो कळतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. नांदेडचे ते डॉक्टर वाईट नाहीत, आपल्याकडं गाई-म्हशी आणि शेळ्याच जास्त येतात, ससा हाताखालून गेलेला नसतो. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, आधी तिथं फोन करून विचारा, नाहीतर संभाजीनगर, पुण्याचा सशाचा अनुभव असलेला डॉक्टर शोधा. फोनवर चार गोष्टी विचारा: सशाच्या माद्यांची ऑपरेशनं नेहमी करता का, भूल गॅसची का, नंतर दुखण्याचं औषध देता का, आणि आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का. शेवटच्या प्रश्नाला "हो, रात्रभर उपाशी ठेवा" म्हणाले तर तिथं करू नका. सशाला उलटी होतच नाही आणि त्याचं पोट रिकामं राहिलं की आतडं थांबतं, ऑपरेशनपेक्षा त्याचीच भीती जास्त. तोंडातून अमॉक्सिसिलीन (हे एक अँटिबायोटिक) दिलं तर तिथंच नको म्हणा, सशाला ते घातक आहे.

वेळ म्हणाल तर सहा महिने होऊ द्या आणि थंडीत करा. आपला उन्हाळा चाळीसच्या पुढं जातो, सशाला घाम येत नाही, जास्त करून कानातूनच उष्णता बाहेर टाकतो, त्यात टाके घेऊन बसवायचं आणि इतक्या लांबचा प्रवास, नकोच.

घरी आणल्यावर पहिली रात्र जागून बघा. त्या दिवशी थोडंतरी गवत किंवा कोथिंबीर खाल्ली पाहिजे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत लेंड्या दिसल्या पाहिजेत. काहीच खाल्लं नाही, कुबड काढून बसली, दात करकर वाजवायली तर दुपारची वाट न बघता डॉक्टरला फोन करा. उड्या बंद, टाके चाटते का ते बघायचं. ट्रेची सवय लगेच सुधारत नाही, हार्मोन उतरायला चार ते आठ आठवडे लागतात, तोवर वरचं सगळं चालूच ठेवा. आणि जोडीला नर आणायचा विचार असेल तर आधी दोघांचं ऑपरेशन, तेही नराचं झाल्यावर महिनाभर-दीड महिना वेगळं ठेवून, कारण तेवढे दिवस त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात.

ट्रेचा फोटो टाका, जागा कुठली ते पण लिहा, मी बघून सांगते.