सायकल-शंका: फ्रान्सच्या द्राक्षबागांमधले शांत रस्ते

बरगंडीतला दिजाँ ते बोन हा ‘वाइन रस्ता’ सायकलसाठी फार सुंदर म्हणून वाचले होते. नकाशाच्या चित्रफितीत मात्र गाड्यांची रांगच दिसते. शांत रस्ता नेमका ओळखायचा कसा?

तुम्ही पाहिलेला रस्ता बहुधा डी-974 असावा. फ्रान्समध्ये ‘डी’ म्हणजे जिल्हा रस्ता. आकडा मोठा तर रस्ता छोटा, असा ढोबळ समज आहे आणि तो इथे फसवतो. डी-974 हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग एन-74. तो जिल्ह्याकडे गेला, नाव बदलले, पण ट्रकची वर्दळ कायम राहिली. दक्षिणेकडचा डी-906 हाही असाच, जुना एन-6. म्हणून आकड्यावर विसंबू नका, नकाशातला रंग पाहा. मिशलँ कंपनीच्या कागदी नकाशात लाल रस्ते टाळावेत, पिवळे चालतील आणि पांढरे आपले. नकाशात रस्त्यावर काढलेले बाणही महत्त्वाचे: एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के चढ, दोन म्हणजे 9 ते 13 आणि तीन म्हणजे त्याहून जास्त. बाणाचे टोक चढाच्या दिशेला असते.

जेव्ह्रे-शांबर्तँ, मोरे-सें-दनी या प्रसिद्ध गावांतून जाणारा डी-122 हा ‘ग्रां क्रू’ (सर्वोच्च दर्जाच्या बागांचा) मार्ग अरुंद आहे. ट्रक नसले तरी मोटारीतून फिरणारे पर्यटक तिथेच येतात. खरी शांतता त्याहून थोडी वर, उतारावर ट्रॅक्टरसाठी केलेल्या बागांच्या सेवारस्त्यांवर मिळते. बोनपासून दक्षिणेला सांतनेपर्यंत अशाच रस्त्यांना जोडून सुमारे 22 किलोमीटरचा ‘व्हुआ दे व्हिन्य’ मार्ग आखला आहे. पोमार, व्होलने, मर्सो, पुलिन्यी-मॉन्राशे आणि शासान्य-मॉन्राशे ही गावे त्यावर लागतात. गावातून वाट वळताना पाटी चुकते, आणि चुकलेला माणूस उतारावरून घसरत नेमका डी-974 वरच पोचतो. गाव सोडताना द्राक्षबागांचा चढ उजव्या हाताला (दक्षिणेकडे जाताना) आहे ना, एवढे पाहावे.

सांतनेनंतर कनाल द्यू साँत्र या कालव्याच्या काठाने शान्यी आणि पुढे शालों-स्युर-सोन गाठता येते. तिथून जिव्रीमार्गे क्लुनीकडे जाणारी वाट जुन्या रेल्वेमार्गावर बांधलेली आहे. 1997 मध्ये खुला झालेला हा 44 किलोमीटरचा पट्टा फ्रान्समधल्या अशा वाटांमधला पहिला. क्लुनीहून माकोंकडे जाताना ब्वा क्लेर हा सुमारे 1.6 किलोमीटरचा बोगदा लागतो. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, तेव्हा पातळ जाकीट आणि दिवा हाताशी ठेवा. वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद असतो. तेव्हा वरच्या खिंडीतून चढून जावे लागते.

कोणत्या महिन्यात जावे? द्राक्षतोडणी पाहायची इच्छा आहे.

तोडणी पाहणे आणि शांत रस्ता या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. तोडणी बहुतेक सप्टेंबरात होते, गरम वर्षी ऑगस्टअखेरीसच सुरू होते. त्या दिवसांत सेवारस्त्यांवर मजुरांच्या व्हॅन, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या सतत ये-जा करतात. चाकांबरोबर आलेला चिखल आणि सांडलेला रस यांमुळे वळणे निसरडी होतात. पाहायचीच असेल तर सकाळी एखाद्या गावी सायकल लावून पायी पाहा आणि लांबची फेरी दुसऱ्या भागात ठेवा.

सायकलसाठी मे-मध्य ते जूनअखेर आणि ऑक्टोबर हे सर्वांत चांगले दिवस. मे ते जुलै फवारणीही चालते. वारा कमी असतो म्हणून ती पहाटेपासून करतात. ओळीवरून चालणारा उंच ट्रॅक्टर फवारताना दिसला तर त्याच्या मागून दामटून जाऊ नका. वारा कुठून येतो ते पाहून त्या बाजूला थांबा आणि फवारा खाली बसू द्या. ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला आला की अचानक रस्त्यावर वळतो. म्हणून बागेच्या टोकाशी वेग कमी हवा.

दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची. दुपारी 12 ते 2 गावे जेवायला बसतात आणि रस्ते रिकामे होतात. रविवार सकाळही तशीच. अवघड पिवळा रस्ता ओलांडायचा किंवा थोडा वेळ त्यावरून जायचा असेल तर या वेळा धराव्यात.

माझ्या रोड बाइकला 25 मिमी टायर आणि मागे 11–28 कॅसेट (11 ते 28 दातांच्या चक्रांचा संच) आहे. चालेल का?

टायर बदला, हे आधी. सेवारस्ते बहुतेक काँक्रीटचे किंवा जुन्या डांबराचे असतात. उतारावरची माती पावसात वाहू नये म्हणून रस्त्याला आडव्या पन्हळी केलेल्या असतात आणि वादळी पावसानंतर त्यांच्या आसपास चुनखडीची खडी साचते. 25 मिमीच्या टायरने पन्हळ वेगात ओलांडली की ट्यूब रिम आणि काठाच्या मध्ये चिरडते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके दिसली तर कारण हेच, काटा नव्हे. पन्हळ शक्यतो काटकोनात ओलांडावी. तिरपे गेल्यास पुढचे चाक त्यात अडकते.

फ्रेममध्ये बसत असेल तर 32 मिमी घ्या, नाहीतर 28. साधारण 75 किलोच्या सायकलस्वाराने 32 मिमीत हवेचा दाब पुढे 55 आणि मागे 60 पीएसआय ठेवावा. मागे सामान असेल तर मागचा दाब 5 ने वाढवा. डिसेंबर ते मार्च छाटणीचे दिवस. तेव्हा कापलेल्या काड्या आणि तारांचे तुकडे कडेला पडतात. मुक्कामी पोचल्यावर टायर फडक्याने पुसून पाहा. रुतलेली खडीची कपची किंवा तार आतपर्यंत पोचण्याआधी निघते.

गियरबद्दल: 50/34 क्रँकवर (पेडलजवळ 50 आणि 34 दातांची दोन चक्रे) 34 दात पुढे आणि 28 मागे असे असताना मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर वेग ताशी सुमारे 9.4 किलोमीटर पडतो. 34 मागे असताना तोच 7.7. कागदावर हा फरक लहान दिसतो, पण 10 टक्क्यांच्या चढावर, सामानासह, गुडघ्यांसाठी तो निर्णायक ठरतो. बागा साधारण 220 ते 400 मीटर उंचीवर आहेत, पण त्यांच्यामागचा ओत-कोत भाग, म्हणजे सें-रोमाँ आणि ला रोशपो यांच्या बाजूचे रस्ते, बराच चढवतात. शांततेच्या दृष्टीने तेच सर्वांत चांगले आहेत, त्यामुळे 11–34 कॅसेट हवीच. मागचा डेरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) 34 दात पेलतो का ते आधी तपासा. लांब पिंजऱ्याचा लागू शकतो आणि साखळीही लांब करावी लागते.

सोबत दोन ट्यूब, टायरला आतून लावायचा तुकडा, साखळीची क्विक लिंक आणि तुमच्याच फ्रेमचा डेरेलर हँगर (डेरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) ठेवा. हँगर प्रवासात वाकतो आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. खेड्यातल्या दुकानात तो मिळेल असे धरून चालू नका.

वाटेत वाइन चाखून पुढे सायकल चालवली तर?

कायद्याची मर्यादा मोटारीइतकीच, रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम, आणि ती सायकलस्वारालाही लागू आहे. ओलांडल्यास दंड 135 युरोपासून. एका तळघरात पाच-सहा नमुने मिळतात, आणि ते सगळे गिळले तर हिशेब सहज चुकतो. थुंकायचे भांडे प्रत्येक ठिकाणी असते. ते वापरणे असभ्य समजत नाहीत, जाणकार तेच करतात. भेट दिवसअखेरीस, मुक्कामाच्या गावीच ठेवा. छोट्या उत्पादकांकडे आधी फोन करून वेळ ठरवावी.

इतर नियमांत एक घातक आहे: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. बागांतली छोटी वाट मुख्य रस्त्याला उजवीकडून मिळते, तिथला ट्रॅक्टर थांबणार नाही आणि चूक तुमची ठरेल. पिवळ्या चौकोनाची पाटी असेल तर मात्र हक्क तुमचा. गावाबाहेर गाडीने सायकलपासून दीड मीटर, गावात एक मीटर अंतर ठेवायचे असते. कानात इअरफोन घातल्यासही दंड 135 युरो. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकदार जाकीट सक्तीचे आहे.

आई-वडिलांसोबत जायचे आहे, चढ नको. कुठे जावे?

बोर्दोजवळ लात्रेन ते सोव्हतेर-द-ग्युएन ही रॉजे लापेबी वाट घ्या. 1937 ची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्याचे नाव तिला दिले आहे. जुन्या रेल्वेमार्गावर असल्याने साधारण 55 किलोमीटरभर चढ सौम्य आहेत आणि मोटारी नाहीत. अल्सासची द्राक्षबाग-वाट सुरेख आहे, पण गावांतले दगडी फरसबंद रस्ते आणि चढउतार वयस्कांना दमवतात.

पाणी आणि खाण्याचे काय?

बेकरी सकाळी उघडते आणि आठवड्यातून किमान एक दिवस बंद असते, कित्येक ठिकाणी तो सोमवार. किराणा दुकाने दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर तर बहुतेक सगळीच. त्यामुळे 11 वाजेपर्यंत दुपारची पाव-चीजची सोय खिशात हवी. पाण्यासाठी दफनभूमीतला नळ शोधा. जवळजवळ प्रत्येक गावात तो असतो आणि नकाशात क्रॉसने दिसतो. ‘ओ नों पोताब्ल’ लिहिले असेल तर ते पिण्याजोगे नाही; डोक्यावर ओतायला चालते.

सायकल ट्रेनमधून नेता येते का? आणि बाटल्या?

टीईआर या प्रादेशिक गाड्यांत सायकल बहुधा मोफत, मात्र काही प्रदेशांत हंगामात आरक्षण लागते. पॅरिस-बेर्सीहून दिजाँ आणि बोनला थेट टीईआर जाते. वेळ जास्त लागतो, पण सायकल खोलावी लागत नाही. टीजीव्ही या वेगवान गाडीत सायकल चाके काढून 130 × 90 सेंमीच्या पिशवीत भरावी लागते, किंवा जिथे सोय असेल तिथे पैसे भरून जागा राखावी लागते. भरलेल्या बाटलीचे वजन सव्वा ते दीड किलो. दोनपेक्षा जास्त असतील तर पॅनियरमध्ये (चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत) कोंबू नका, उत्पादकाकडूनच पार्सल करा, आणि दोन असतील तर दोन्ही बाजूंना एकेक, तळाशी, कपड्यात गुंडाळून ठेवा.