पबमेडवरचे पेपर उतरवून झालेत, आता मेटा-अ‍ॅनालिसिस कशात करू?

गरोदरपणात लोहाची गोळी रोज द्यावी की आठवड्यातून एकदा, यावर तुम्हाला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, तपासून घेतलेला आढावा) करायचाय आणि सॉफ्टवेअर विचारताय. मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे अनेक ट्रायल्सचे आकडे एकत्र करून एक सरासरी काढणं; त्यासाठी कॉक्रेनचं रेव्हमॅन घ्या किंवा आर ही संगणकभाषा येत असेल तर तिचं मेटाफॉर पॅकेज. पण ते सगळ्यात सोपं काम. गाडी अडते ती त्याच्या कितीतरी आधी.

प्रोटोकॉल, म्हणजे रिव्ह्यूचा आधीच ठरवलेला आराखडा, लिहिलाय का? कोणत्या स्त्रिया, किती डोस, तुलना कशाशी, हिमोग्लोबिन कितव्या आठवड्यात मोजलेलं, हे ठरवून प्रॉस्पेरोवर (रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदवा, तेही डेटा काढायला बसण्याआधी.

नुसतं पबमेड पुरत नाही. एम्बेस हा डेटाबेस आणि कॉक्रेनचं सेंट्रल हे ट्रायल्सचं भांडार हवंच. सीटीआरआय ही भारतातल्या ट्रायल्सची नोंदवहीसुद्धा पाहा, छापून न आलेल्या भारतीय ट्रायल्सचा माग तिथे लागतो. शोधात गरोदरपण आणि लोह एवढंच ठेवा. प्रत्येकाचे मेश शब्द (पेपरना लावलेले ठरावीक विषयशब्द) आणि शीर्षक-सारांशातले साधे शब्द 'ऑर'ने, मग दोन्ही गट 'अँड'ने जोडा. नुसत्या मेशवर विसंबलात तर अजून इंडेक्स न झालेले ताजे पेपर निसटतात. हिमोग्लोबिन शोधात घालू नका. सारांशात त्याचा उल्लेख असेलच असं नाही. ठाऊक असलेले पाच-सहा पेपर निकालात आले नाहीत तर शोध दुरुस्त करा.

सापडलेल्या पेपरची चाळणी दोघांनी करायची, एकमेकांचे निर्णय न बघता. पूर्ण वाचून वगळलेल्या प्रत्येक पेपरचं कारण तिथल्या तिथे टिपा. प्रिझ्मा या रिव्ह्यू मांडण्याच्या नियमावलीतल्या आकृतीत ते द्यावं लागतं.

खरे घोळ डेटा काढताना होतात. तक्त्यात '१०.८ ± ०.१२' दिसलं की थांबा. हिमोग्लोबिनचा एसडी (स्त्री-स्त्रीमधला फरक दाखवणारं प्रमाण विचलन) इतका कमी नसतो. तो बहुधा एसई (सरासरीची प्रमाण त्रुटी) आहे. गटात १०० स्त्रिया असतील तर एसईला १०० च्या वर्गमूळाने गुणा, एसडी येतो १.२. दोन्ही गटांत ०.१२ लाच एसडी धरलात तर फिक्स्ड इफेक्टमध्ये (सगळ्या ट्रायल्समध्ये परिणाम एकच धरणाऱ्या पद्धतीत) त्या ट्रायलचं वजन १०० पट फुगतं आणि सगळा निष्कर्ष ती एकटीच ठरवते. एकाच ट्रायलचे दोन पेपरही दोनदा मोजले जातात. ठिकाण आणि भरतीचा काळ ताडून पाहा. स्त्रियांऐवजी अख्खी गावं चिठ्ठीने गटांत वाटली (रँडमाइज केली) असतील तर नमुन्याच्या संख्येला डिझाइन इफेक्टने भागा; एका गावातल्या स्त्रिया एकमेकींसारख्या असतात, त्याची ही दुरुस्ती.

प्रत्येक ट्रायलमधला बायस (निकाल एका बाजूला झुकवणारे दोष) रॉब-२ या साधनाने तपासा. डोस फारच वेगवेगळे असतील तर सरासरी काढू नका, शब्दांत मांडा. आणि दहापेक्षा कमी ट्रायल्सवर फनेल प्लॉट (न छापलेल्या ट्रायल्सचा अंदाज घ्यायचा आलेख) काढू नका, कुणी कितीही मागितला तरी.