हेडलाइट टूथपेस्टने घासले, दोन महिन्यांत पुन्हा पिवळे पडले. घरच्या घरी टिकाऊ उपाय आहे का?

आहे. पण आधी टूथपेस्ट का टिकली नाही ते बघू, म्हणजे पुढची खटपट कशासाठी ते कळेल.

आपण हेडलाइटची काच म्हणतो ती हल्ली काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. ते ओरखडे पटकन धरतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं, म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक थर चढवलेला असतो. काही वर्षं ऊन खाऊन हा थर मरतो. आधी पिवळा होतो, मग धुरकट, मग त्याचे पापुद्रे सुटतात. टूथपेस्टमधली बारीक पावडर हा मेलेला थर थोडा खरवडते, लगेच फरक दिसतो, पण खालचं प्लास्टिक उघडं पडतं. म्हणून कामं दोन: जुना थर पुरता काढणं आणि नवा चढवणं. दुसरं करणार नसाल तर पहिल्याला हात लावू नका.

सुरुवातीला हेडलाइट धुऊन त्यावर नुसतं पाणी ओता. ओला असताना धुरकटपणा गायब झाला (पिवळी झाक थोडी राहिली तरी चालेल) तर दोष बाहेरून आहे, घासून जाईल. ओला असूनही ढगाळच दिसला तर धूळ किंवा ओल आत शिरली आहे, बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. टॉर्च तिरका धरून जाळ्यासारख्या बारीक भेगा चमकतात का तेही बघा. त्या प्लास्टिकमध्ये खोल गेलेल्या असतात, घासून पूर्ण जात नाहीत.

आता घासकाम. भोवतीच्या पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावा, एक थर घासायच्या कागदाच्या एका फटक्यात फाटतो. वॉटर पेपर (ओल्यात वापरायचा सँडपेपर) 800, 1000 आणि 1500 नंबरचे घ्या. पापुद्रे सुटले असतील तर सुरुवात 600 ने करा. कागद दहा मिनिटं पाण्यात भिजवा, स्प्रेच्या बाटलीत पाण्याबरोबर भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका आणि पृष्ठभाग सतत ओला ठेवा. कागद बोटांनी दाबू नका, बोटांच्या खुणा चरांसारख्या उमटतात. मऊ स्पंजच्या तुकड्याला गुंडाळून घासा.

सगळा खेळ पहिल्या कागदाचा आहे. सुरुवातीला ओघळणारं पाणी पिवळसर असतं. ते निव्वळ दुधाळ पांढरं येऊ लागलं की जुना थर निघाला असं समजायचं. पण पुसून, वाळवून खात्री करा: सगळीकडे एकसारखी मॅट पांढरी झाक हवी. मध्येच चकचकीत बेटं दिसली तर तिथे जुना थर शिल्लक आहे. ती तशीच ठेवलीत तर नव्या थराखाली त्यांच्या कडा नकाशावरच्या किनाऱ्यासारख्या कायम दिसत राहतील. ऊन वरच्या भागावर जास्त पडतं, त्यामुळे खालच्या कडेला जुना थर अजून घट्ट असतो आणि नेमका तिथेच हात थकतो. या एका कागदाला प्रत्येक दिव्यामागे पंधरा मिनिटं सहज लागतात, पुढच्यांना पाच-पाच पुरतात. कागद बदलताना दिशाही बदला: 800 आडवा, 1000 उभा, 1500 पुन्हा आडवा. आधीच्या कागदाचे ओरखडे उलट दिशेचे असल्याने लगेच नजरेत भरतात. ते पूर्ण जाईपर्यंत पुढे जाऊ नका.

शेवटी पुन्हा पाणी मारून बघा. ओल्यात जसं दिसतं साधारण तसंच क्लिअर कोटनंतर (म्हणजे नव्या पारदर्शक थरानंतर) दिसणार. ओल्यातही ओरखडा दिसला तर तो कोटखालीही दिसेल.

कोटसाठी मी टू-के क्लिअर स्प्रे निवडेन, म्हणजे डब्याच्या बुडाशी हार्डनर (थर कडक करणारा दुसरा घटक) वेगळा असतो तो. साधा एकघटकी क्लिअर स्वस्त पडतो, पण पुढे त्याचेच पापुद्रे निघतात. स्प्रे करणार असाल तर 1500 वर थांबा, पॉलिशच्या कंपाउंडने चमकवू नका. गुळगुळीत प्लास्टिकला कोट धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन अजिबात नको, पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात. स्प्रेचे कण लांब उडतात, त्यामुळे बॉनेट, बंपर, टायर प्लास्टिकने झाका. 20-25 सेंटिमीटरवरून पहिला हात नुसता धुक्यासारखा मारा, कारण पहिलाच हात जाड बसला तर त्यातलं द्रावक प्लास्टिकला बाधतं. मग दहा-दहा मिनिटांनी दोन ओले हात. दमट हवेत मारलात तर कोट पांढुरका पडतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं आणि धुळीचा साधा मास्क ते अडवत नाही. रासायनिक वाफांसाठीचा काडतूसवाला मास्क नसेल तर हा मार्ग सोडा.

मग दुसरा पर्याय: 2000 आणि 3000 चे कागद वापरून, प्लास्टिक पॉलिशने चमक आणून, वर अतिनील-रोधक वाइप-ऑन (कापडाने पुसून लावायचा) कोट. तो मात्र लवकर संपतो, पुन्हा लावावा लागतो. ड्रिलवर फोमचा पॅड लावून पॉलिश करणार असाल तर वेग कमी ठेवा आणि पॅड एका जागी धरू नका; प्लास्टिक तापून मऊ होतं आणि डाग पडतो. नुसता वॅक्स काही आठवड्यांत धुऊन जातो.

द्रावकाच्या गरम वाफेने दिवा क्षणात स्वच्छ करायची युक्ती व्हिडिओंत दिसते. ती पृष्ठभाग विरघळवून सारखा करते, अतिनील संरक्षण काहीच देत नाही आणि ती वाफ विषारी असते. डास पळवण्याच्या स्प्रेचंही तेच, त्यातलं डीट प्लास्टिक मऊ करतं.

कोट ओघळला किंवा धूळ चिकटली तर ओल्यात बोट लावू नका. दोन दिवस कडक होऊ द्या, मग तेवढीच जागा 2000 ने ओली घासून पॉलिश करा.