उताराच्या 20 गुंठ्यांतून किती ब्रास मुरूम निघेल, हे ऑटोकॅडमध्ये कसं काढायचं?

कोल्हापूरजवळच्या वाघबीळपाशी तुमचा उताराचा प्लॉट, मधे दोन ताली (उतारावरचे पायरीसारखे उभे बांध). दोघांनी वेगवेगळा टोटल स्टेशन (जागा आणि उंची मोजणारं यंत्र) सर्व्हे केला आणि कटिंगच्या, म्हणजे खोदाईच्या, आकड्यात शंभर ब्रासहून जास्त फरक आला. खरा आकडा कुठला, हा तुमचा प्रश्न. कोल्हापूर परिसरात मी हेच काम करतो, म्हणून सांगतो: दोन्ही फाइली उघडून आधी ताली बघा.

सिव्हिल थ्रीडी (ऑटोकॅडवरच आधारलेलं सॉफ्टवेअर; साध्या ऑटोकॅडमध्ये ही सोय नाही) जवळजवळचे पॉइंट जोडून त्रिकोणांची जाळी करतो आणि त्या जाळीलाच (सरफेस) जमीन समजतो. समजा ताल 2 मीटर उंच आहे. माथ्यावर रीडिंग घेतलं, पायथ्याला घेतलंच नाही आणि खालचा पुढचा पॉइंट 10 मीटरवर आहे. मग माथ्यापासून तिथपर्यंत सरळ उतार धरला जातो. तालीच्या दर मीटर लांबीला 10 घनमीटर माती फुकट वाढते. ताल 30 मीटर लांब असली तर 300 घनमीटर, आणि 2.83 घनमीटरचा ब्रास धरला तर 106 ब्रास! तुमचा घोळ बहुतेक इथेच आहे.

म्हणून माथा आणि पायथा दोन्हीकडे, जिथे जिथे ताल वळते तिथे, रीडिंग घ्यायला लावा. पॉइंट थ्रीडी पॉलीलाइननं जोडून सरफेसला ब्रेकलाइन म्हणून द्या, म्हणजे त्रिकोण ती रेघ ओलांडत नाहीत. माथ्याची आणि पायथ्याची रेघ एकावर एक येऊ देऊ नका, दोन-चार सेंटीमीटर अंतर ठेवा. नंतर कंटूर (समान उंचीच्या रेघा) काढून बघा. तालीपाशी ते एकमेकांना खेटून गेले पाहिजेत.

प्लॉटची हद्द बाउंड्री म्हणून द्या, नाहीतर कडेला लांबलचक त्रिकोण तयार होतात. एखाद्या पॉइंटची उंची शून्य राहिली असेल तर तोही काढा. आपल्याकडची जमीन समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर, त्यात शून्याचा एक पॉइंट म्हणजे पाताळापर्यंत खड्डा.

पुढचं काम सोपं. हव्या त्या लेव्हलचा दुसरा सरफेस करा, मूळ जमीन बेस धरून व्हॉल्यूम सरफेस (दोन सरफेसमधला फरक) बनवा, कटिंग आणि भराव वेगवेगळे मिळतात. लेव्हल ठरवताना घाई नको: ती 10 सेंटीमीटर खाली-वर झाली तरी गुंठ्यामागे साडेतीन ब्रासचा फरक पडतो, म्हणजे तुमच्या प्लॉटवर सत्तर.

ठेकेदाराशी बोलताना एक गोष्ट आधीच ठरवा. सॉफ्टवेअरचा आकडा जागेवरच्या घट्ट मुरमाचा असतो. टिपरमध्ये भरलेला मुरूम मोकळा होऊन फुगलेला असतो, त्यामुळे खेपांवरून मोजलेले ब्रास जास्तच भरणार. बिल घट्ट मापावर असेल तर काम संपल्यावर त्याच बेंचमार्कवरून (उंची मोजायच्या पक्क्या खुणेवरून) पुन्हा सर्व्हे करा आणि आधीच्या सरफेसमधून नंतरचा वजा करा. त्यासाठी बेंचमार्क जेसीबीच्या वाटेपासून लांब, पक्क्या दगडावर रंगवून ठेवा.