पुसेगावच्या यात्रेत तंबूत सिनेमा पाहिलेल्या आजोबांना आवडेल असा माहितीपट कोणता?

डोळे झाकून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ लावा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजबरोबर काही वर्षं काढून हा माहितीपट केला. २०१६ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला, पण आजोबांना त्याचं काय! त्यांना दिसेल ती सामानाने लादलेली लॉरी, माळावर उभा राहणारा तंबू आणि रीळ जाऊन डिजिटल आल्यावर मालकांची झालेली ओढाताण. प्रोजेक्टर दुरुस्त करणारे एक प्रकाश नावाचे गृहस्थ आहेत, ते खास लक्ष देऊन पाहा. स्वतःच्या डोक्याने घडवलेला ‘ऑइल बाथ’ प्रोजेक्टर ते इतक्या कौतुकाने दाखवतात, की बघणाऱ्याला वाटावं आत्ता पोरीचं स्थळ सांगतायत. माझ्या मते अख्ख्या फिल्मचा जीव तिथेच आहे. आमच्या साताऱ्याकडच्या घरातली वडीलधारी मंडळी तर मध्येच ‘अगदी अस्संच असायचं’ म्हणत बोलायला लागली.

फक्त एक गोष्ट: यात समजावून सांगणारा निवेदकाचा आवाज नाही आणि गती संथ आहे. बातम्यांसारखं झटपट काही हवं असेल तर आजोबा कंटाळतील. बोलणं मराठी-हिंदीतच असल्यामुळे सबटायटल वाचत बसावं लागणार नाही. तरी जेवणं उरकून, दीड तास मोकळा ठेवूनच बसा.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ही अव्वल आहे, पण तो तीन तासांचा आणि मनाला चटका लावणारा. तो नंतर, तुम्ही एकट्याने पाहा.