दाखल्यावरची तारीख

इंदूरच्या एका आईने विचारले आहे की, पहिलीत शिकणाऱ्या त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला शाळा ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाही’ असे सांगून काढून घ्यायला लावत आहे, तर शाळेविरुद्ध दावा करता येईल का. मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ (सर्वांगीण विकासविलंब) म्हणून दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला होता. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो.

ताई, शाळेचे वागणे चूक आहे, हे तुम्हीही जाणता. मला काळजी वाटली ती तुम्ही पाठवलेल्या दाखल्याच्या छायाप्रतीची. तो तात्पुरता आहे आणि मूल पाच वर्षांचे होईपर्यंतच वैध आहे, असे त्यावर छापलेले आहे. ती ओळ न वाचता दाखला लॅमिनेट करून कपाटात ठेवला गेला आणि दोन वर्षे हातची गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ही दिरंगाई सहज टळली असती.

पाच वर्षांखालील मुलाला बौद्धिक अक्षमतेचा शिक्का लागू नये, म्हणून मूल्यमापनाच्या नियमांत आधी केवळ विकासविलंबाची नोंद करतात आणि पाचव्या वर्षानंतर पुन्हा तपासणी करून निदान ठरवतात. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीतील २१ प्रकारांत ‘विकासविलंब’ हे नाव नाही. त्यामुळे फेरतपासणी होऊन बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा अन्य निदान नोंदले जाईपर्यंत तुमच्या हाती चालू दाखला नाही. ‘निरामय’ या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा लाभ आणि कलम ३१ नुसार ६ ते १८ वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण अशा सवलती त्याच्यावाचून अडतात. कलम ३१ साठी तर दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. तुमचे यजमान जुन्या करप्रणालीत आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०डीडीची ७५,००० रुपयांची वजावट घेत आले असतील तर तेही तपासावे. ज्या आर्थिक वर्षात दाखल्याची मुदत संपली, त्यानंतरच्या वर्षांसाठी नवा दाखला असल्याशिवाय ती वजावट मिळत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. घेतली गेली असल्यास सीएंना आजच दाखवा.

म्हणून आधी यूडीआयडी (दिव्यांगांचे ओळखपत्र व दाखला देणाऱ्या) पोर्टलवर नव्याने अर्ज करा आणि पोच छापून ठेवा. दाखला देण्याची एका महिन्याची मुदत २०२४ च्या दुरुस्तीने तीन महिन्यांवर गेली आहे. ज्या मुलाच्या वाढीतला एकेक महिना मोलाचा असतो, त्याच्या आईवडिलांना आणखी थांबायला सांगणारी ही दुरुस्ती मला मुळीच पटलेली नाही. तपासणीला जाताना जुना दाखला, थेरपीच्या नोंदी आणि वर्गशिक्षिकेचे लेखी निरीक्षण सोबत न्या. टक्केवारी किती येईल ते मी सांगू शकत नाही, मात्र ती अन्यायकारक वाटल्यास कलम ५९ खाली अपील करता येते.

आता शाळेबद्दल. दाखला मिळेपर्यंत गप्प बसू नका. प्रवेशात भेदभाव करू नये, हे २०१६ च्या कायद्याचे कलम १६ टक्केवारीची अट न घालता सांगते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर हा दुसरा आधार उरत नाही, तेवढे पाहून घ्या. विशेष शिक्षकाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्राथमिक वर्गांसाठी दहा मुलांमागे एक असे प्रमाण ठरवले आहे, परंतु तुमच्या खासगी शाळेला त्याची सक्ती किती लवकर होईल, याची हमी मी देणार नाही. शिक्षक नेमलेला नाही, हे मुलाला काढण्याचे कारण होऊ शकत नाही, इतके मात्र निश्चित.

शाळेने आतापर्यंत सगळे तोंडी सांगितले आहे आणि तुम्हीही ते तोंडीच ऐकून घेतलेत. मुख्याध्यापकांना पत्र देऊन नकाराची कारणे लेखी मागा, पत्राच्या प्रतीवर शिक्का घ्या आणि शाळा सोडल्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. दावा मी शेवटी ठेवतो, कारण निकाल लागेपर्यंत मुलाची पहिली कधीच मागे पडलेली असेल. त्याआधी भोपाळला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असला तरी संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत त्यावर काय केले ते कळवावे लागते. अर्जाची पोच आणि शाळेचे उत्तर हाती आले की मला पाठवा. तक्रारीचा मसुदा त्यावरूनच करावा लागेल.